मेमरी कोण धरून बसलंय? पायथनमधलं रेफरन्स काउंटिंग आणि गार्बेज कलेक्शन, पायरीपायरीनं

बिलांच्या पीडीएफ बनवणारी एक पायथन सर्व्हिस मी काही महिने सांभाळत होतो. सकाळी सुरू झाली की ती ९० एमबी मेमरी घ्यायची. संध्याकाळपर्यंत हाच आकडा दीड जीबीवर जायचा आणि रात्री कधीतरी लिनक्स तिला मारून टाकायचं. त्यावर उपाय म्हणून रोज पहाटे तीन वाजता ती बंद करून पुन्हा सुरू करणारी क्रॉनची एक ओळ कुणीतरी लावून ठेवली होती. नवीन येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा: पायथन मेमरी आपोआप सोडतं ना, मग ही जाते कुठे?

त्या प्रश्नाच्या मागे लागून जे शिकलो ते इथे क्रमानं लिहितोय. आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. एखादी वस्तू (ऑब्जेक्ट) तुम्हाला नको आहे हे भाषेला कळत नाही. त्या वस्तूपर्यंत पोचायची एखादी वाट अजून शिल्लक आहे का, एवढंच तिला तपासता येतं. वाट असेल तोवर वस्तू राहते, मग ती वर्षभर कुणी वापरलेली नसो. त्यामुळे मेमरीच्या तक्रारीत विचारायचा प्रश्न कायम हाच असतो: ही वस्तू कोण धरून बसलंय?

पुढचं सगळं सीपायथनवर, म्हणजे आपण नेहमी वापरतो त्या पायथनवर करून बघा. ही भाषा मी मुद्दाम घेतली. मेमरी परत मिळवण्याच्या दोन मोठ्या पद्धती आहेत: मोजणीची, म्हणजे वस्तूकडे येणाऱ्या वाटा (रेफरन्स) किती ते मोजत राहायची, आणि शोधण्याची, म्हणजे वाट न उरलेल्या वस्तू हुडकून काढायची. पायथनमध्ये त्या शेजारी शेजारी काम करतात आणि दोन्ही साध्या प्रॉम्प्टवरून बघता येतात.

पायरी १: मोजणी बघा

प्रॉम्प्ट उघडा, सिस मॉड्यूल इम्पोर्ट करा आणि यादी नावाची रिकामी लिस्ट बनवा. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला आणि क्लासला देवनागरी नाव चालतं. मॉड्यूल आणि फंक्शनची नावं मात्र रोमनमध्येच टाइप करावी लागतात, मी ती इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय.) आता ही यादी सिस.गेटरेफकाउंट या फंक्शनला द्या. उत्तर २ येईल. नाव तर एकच दिलंय, मग दोन कुठून आले? दुसरा रेफरन्स त्या फंक्शनच्या आर्ग्युमेंटचा. फंक्शन संपलं की तो जातो. म्हणून दिसणाऱ्या आकड्यातून १ मनातल्या मनात वजा करा.

आता दुसरी नावाच्या व्हेरिएबलला तीच यादी द्या. लिस्ट एक, नावं दोन, आकडा ३. मग पेटी नावाच्या आणखी एका लिस्टमध्ये ही यादी दोनदा घाला. आकडा ५. डेल दुसरी असं लिहा, आकडा ४.

डेल या शब्दानं पुष्कळ जण फसतात, मीही बरीच वर्षं फसलो होतो. डेल ऑब्जेक्ट पुसत नाही. तो नाव पुसतो, आणि त्या नावामुळे वाढलेली मोजणी एकानं खाली येते. ऑब्जेक्ट जाईल की राहील हे त्यानंतर उरलेल्या आकड्यावर ठरतं.

हा प्रयोग ५ किंवा १०० अशा छोट्या पूर्णांकांवर करू नका. -५ ते २५६ हे पूर्णांक सीपायथन सुरुवातीलाच बनवून ठेवतं आणि सगळा प्रोग्रॅम तेच वापरतो. पायथन ३.१२ पासून तर नन (None, म्हणजे "काहीच नाही"), ट्रू, फॉल्स आणि हे छोटे पूर्णांक अमर केले आहेत, त्यांची मोजणी हलतच नाही. ३.१२ मध्ये गेटरेफकाउंटला नन दिलं तर ४२९ कोटींच्या वरचा एक ठरीव आकडा येतो, तो पाहून घाबरू नका.

पायरी २: शून्य झाल्यावर काय होतं

वस्तू नावाचा एक क्लास लिहा आणि त्यात डंडर डेल ही मेथड ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेलं डेल. तिच्यात "गेली" एवढंच छापा. एक वस्तू बनवा आणि तिचं नाव डेल करा. एंटर दाबताक्षणी "गेली" दिसेल. मोजणी शून्यावर आली की वस्तू तिथल्या तिथे मोकळी होते, ही या पद्धतीची सगळ्यात मोठी देणगी. उघडलेली फाइल, नेटवर्कचं कनेक्शन, मोठी इमेज, सगळं वेळच्या वेळी सुटतं.

पण या तत्परतेवर विसंबून राहू नका. पायपाय हे पायथनचंच दुसरं इंजिन मोजणी ठेवत नाही. तिथे तोच प्रोग्रॅम चालवला तर फाइल कधी बंद होईल ते सांगता येत नाही. म्हणूनच फाइल विथ घालून उघडायची असते, म्हणजे तो ब्लॉक संपताच ती बंद होते.

मोजणीची किंमतही आहे. प्रत्येक असाइनमेंटला, फंक्शनला दिलेल्या प्रत्येक आर्ग्युमेंटला कुठल्या तरी ऑब्जेक्टच्या मोजणीत लिहावं लागतं. नुसतं वाचायचं असलं तरी लिहावं लागतं. दोन थ्रेडनी एकाच वेळी एकच आकडा वाढवला तर एक वाढ हरवू शकते, आणि मग जिवंत वस्तूची मेमरी मोकळी होऊन बसते. पायथनमध्ये जीआयएल हे, एका वेळी एकाच थ्रेडला पायथनचा कोड चालवू देणारं, प्रसिद्ध कुलूप इतकी वर्षं टिकलं त्यामागे ही मोजणी सुरक्षित ठेवणं हे मोठं कारण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मध्ये जीआयएलशिवायची प्रायोगिक बिल्ड मिळू लागली, तेव्हा मोजणीची पद्धतच बदलावी लागली. तिथे ज्या थ्रेडनं ऑब्जेक्ट बनवला त्याची मोजणी वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी ठेवली जाते.

आणखी एक समज खोडायला हवा. मोजणीत प्रोग्रॅम मध्येच थबकत नाही असं सर्रास सांगितलं जातं. लाखो गाठींच्या झाडाचं टोक सोडून बघा. टोक शून्य झालं की त्याची मुलं शून्य होतात, मग त्यांची मुलं, आणि अख्खं झाड ढासळेपर्यंत तुमची पुढची ओळ खोळंबते.

पायरी ३: मोजणीला चकवा द्या

गाठ नावाचा क्लास बनवा. त्यात दोन गोष्टी: आई, जी सुरुवातीला नन असेल, आणि मुलं, जी रिकामी लिस्ट असेल. "गेली" छापणारी डंडर डेल इथेही ठेवा. हा कोड फाइलमध्ये लिहून चालवा, प्रॉम्प्टवर इतर वस्तूंची लुडबुड होते. वरच जीसी मॉड्यूल इम्पोर्ट करून जीसी.डिसेबल म्हणा. त्यानं मोजणी बंद होत नाही, फक्त चक्रं, म्हणजे एकमेकींना धरून बसलेल्या वस्तू, शोधणारा कलेक्टर थांबतो.

आता थोरली आणि धाकटी अशा दोन गाठी बनवा. थोरलीच्या मुलांमध्ये धाकटी घाला, धाकटीची आई थोरली करा. मग दोन्ही नावं डेल करा. काही छापलं जाणार नाही. थोरलीला धाकटीनं धरलंय आणि धाकटीला थोरलीच्या लिस्टनं. दोघींची मोजणी १ वर अडकलेली आहे, आणि बाहेरून त्यांच्यापर्यंत पोचायची एकही वाट उरलेली नाही. आता जीसी.कलेक्ट म्हणा. दोन्ही "गेली" एकदम दिसतील.

मोजणीची ही दुबळी बाजू फार जुनी आहे. जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्ये रेफरन्स काउंटिंग मांडलं आणि १९६३ मध्ये हॅरल्ड मॅकबेथ यांनी दाखवून दिलं की चक्रात अडकलेल्या वस्तू त्यात कधीच सुटत नाहीत. पायथनमध्ये चक्र शोधणारा कलेक्टर ऑक्टोबर २००० मध्ये, २.० बरोबर आला. त्याआधी अशी चक्रं प्रोसेस संपेपर्यंत तशीच पडून राहायची. पीएचपीला हे जमायला २००९ मधली ५.३ आवृत्ती उजाडावी लागली. पर्लमध्ये आजही चक्र प्रोग्रॅमरनंच तोडायचं असतं. पायथनमध्येही एक अडचण २०१४ पर्यंत होती: चक्रातल्या वस्तूला डंडर डेल असेल तर कलेक्टर तिला हात लावत नसे. ३.४ पासून ती गेली, म्हणून वरचा प्रयोग आज नीट चालतो.

इंटरनेट एक्सप्लोरर ६ वर वेबसाइट बनवलेल्यांना हीच दुबळी बाजू वेगळ्या रूपात आठवत असेल. त्यात पानावरच्या घटकांसाठी मोजणी होती आणि जावास्क्रिप्टसाठी वेगळा कलेक्टर. बटणानं फंक्शन धरलं आणि फंक्शननं बटण, की चक्र दोन संस्थानांच्या सीमेवर पडायचं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि पूर्ण चक्र दोघांपैकी कुणालाच दिसत नसे. आजही सी मध्ये लिहिलेल्या एखाद्या पायथन लायब्ररीनं आपल्या पोटातले रेफरन्स कलेक्टरला दाखवायची व्यवस्था केली नसेल तर नेमका हाच प्रकार होतो.

पायरी ४: कलेक्टरचा हिशेब हातानं करून बघा

मला या सगळ्या विषयात सर्वात सुंदर वाटणारा भाग हा. कागद घ्या आणि तीन चौकोन काढा: थोरली, तिची मुलांची लिस्ट, धाकटी. बाण काढा: थोरलीकडून लिस्टकडे, लिस्टकडून धाकटीकडे, धाकटीकडून परत थोरलीकडे. (गाठीच्या आतली अॅट्रिब्यूट ठेवणारी डिक्शनरी सोपेपणासाठी सोडून देऊ.) प्रत्येक चौकोनात मोजणी लिहा. नावं पुसून झाली आहेत, म्हणून तिन्हींत १.

आता प्रत्येक बाणावर बोट ठेवत जा, आणि बाण जिथे पोचतो तिथला आकडा एकानं कमी करा. लिस्ट ०. धाकटी ०. थोरली ०. याचा अर्थ असा की या तिघांना धरणारे सगळे हात याच तिघांचे होते. बाहेरचं कुणी नाही, म्हणून तिन्ही कचरा.

तोच कागद पुन्हा. या वेळी निवडलेली नावाचं एक ग्लोबल व्हेरिएबल धाकटीकडे बोट दाखवतंय असं धरा. धाकटीची मोजणी आता २. बाण वजा केले की थोरली ०, लिस्ट ०, पण धाकटी १. हा उरलेला १ बाहेरच्या हाताचा. म्हणजे धाकटी नक्की जिवंत. मग दुसरी फेरी: जी जिवंत ठरली तिच्यापासून बाण धरून पुढे चाला. धाकटीकडून थोरली, थोरलीकडून लिस्ट. शून्यावर गेलेल्या त्या दोघीही वाचल्या. दुसऱ्या फेरीनंतरही ज्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नाही, त्या टाकायच्या.

सीपायथनचा कलेक्टर शब्दशः हेच करतो, फक्त खऱ्या मोजणीला धक्का न लावता तिच्या प्रतीवर. प्रोग्रॅमची सुरुवात कुठून होते, स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या मेमरीत) काय आहे, रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आत) काय आहे, यातलं काहीही त्याला शोधावं लागत नाही. वजाबाकीतूनच बाहेरचे हात उघडे पडतात. आणि त्याला सगळे ऑब्जेक्ट बघावे लागत नाहीत, फक्त दुसऱ्या ऑब्जेक्टना पोटात धरू शकणारे: लिस्ट, डिक्शनरी, टपल, क्लासचे इन्स्टन्स. स्ट्रिंग आणि आकडे चक्र करूच शकत नाहीत.

जावा, गो, जावास्क्रिप्ट यांची रीत उलट आहे. मोजणी नाहीच. स्टॅक आणि ग्लोबल व्हेरिएबलपासून सुरुवात करायची, बाण धरून चालत जायचं, जे जे लागेल त्यावर खूण करायची, आणि खूण नसलेलं सगळं झाडून टाकायचं. जॉन मॅकार्थी यांनी लिस्पसाठी १९६० मध्ये मांडलेली ही पद्धत, म्हणजे कॉलिन्स यांच्या मोजणीच्याच वर्षाची. हिच्यात चक्राचा प्रश्नच येत नाही, आणि रोजच्या असाइनमेंटला मोजणीचा भार नाही. त्याबदल्यात वस्तू नेमकी केव्हा सुटेल याचा भरवसा जातो आणि मेमरी थोडी सैल ठेवावी लागते. गो भाषेचा नेहमीचा हिशेब जिवंत मेमरीच्या साधारण दुप्पट होईपर्यंत थांबायचा आहे, त्यांच्या जीओजीसी या सेटिंगचा १०० हा आकडा तेच सांगतो.

दोन्हीकडे कामी येणारं एक निरीक्षण आहे: बहुतेक वस्तू जन्मल्यावर लगेच मरतात. १९८३-८४ मध्ये लीबरमन आणि ह्युइट यांनी, आणि मग अंगर यांनी त्यावर पिढ्यांची कल्पना उभी केली. नवजात वस्तू वारंवार तपासायच्या, टिकलेल्या क्वचित. जीसी.गेट थ्रेशोल्ड विचारून बघा. पायथन ३.१२ पर्यंत उत्तर ७००, १०, १० येतं. नव्यानं बनलेल्या कंटेनर वस्तूंतून मोडलेल्या वजा करून फरक ७०० च्या वर गेला की सर्वात तरुण पिढी तपासली जाते, अशा दहा फेऱ्यांमागे मधली. सर्वात जुनी मात्र तेव्हाच, जेव्हा तिच्यात येऊ घातलेल्या वस्तू आधीच्यांच्या पाव हिश्शाहून जास्त झालेल्या असतात. नव्या आवृत्त्यांत हे आकडे आणि रचना बदलली आहे, तेव्हा आपल्या मशीनवरचा आकडाच खरा मानायचा.

पायरी ५: गरज असेल तिथे चक्र तोडा

गाठीच्या उदाहरणात आई ही अॅट्रिब्यूट थेट न ठेवता वीकरेफ.रेफ मध्ये गुंडाळून ठेवा. वीक रेफरन्स मोजणी वाढवत नाही. आईपर्यंत जायचं असेल तेव्हा त्याला फंक्शनसारखं हाक मारायची: आई जिवंत असेल तर ती मिळते, नसेल तर नन. आता दोन्ही नावं डेल केली की कलेक्टरची वाट न बघता दोघी लगेच जातात.

वापरताना एक काळजी घ्या. आधी उत्तर लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, ते नन आहे का बघा, आणि मग त्याच व्हेरिएबलवर काम करा. दोनदा हाक मारली तर दोन हाकांच्या मधे वस्तू जाऊ शकते. साधी लिस्ट, डिक्शनरी, पूर्णांक यांना वीक रेफरन्स देता येत नाही, आपल्या क्लासच्या वस्तूंना देता येतो.

पायथनमध्ये प्रत्येक चक्र तोडत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कलेक्टर ते काम चांगलं करतो, आणि जागोजागी वीकरेफ पेरलेला कोड वाचायला जड जातो. चक्रात मोठी इमेज किंवा उघडी फाइल अडकत असेल तरच तोडा. स्विफ्टमध्ये मात्र ही चैन नाही. तिथे मोजणीचे हुकूम कंपायलर पेरतो आणि पाठीशी चक्र शोधणारं कुणी नाही, म्हणून क्लोजरमध्ये वीक सेल्फ लिहायची सवय तिथल्या प्रत्येकाच्या हातात बसलेली असते. रस्टमधल्या आरसी टाइपचंही तसंच, जोडीला वीक टाइप स्वतःच वापरायचा.

पायरी ६: लीक शोधा

आता बिलांच्या सर्व्हिसकडे परत येऊ. सुरुवात कोड वाचण्यापासून करू नका, आधी मोजमाप.

लीक, म्हणजे मेमरीची गळती, आहे का हे आधी ठरवा. पीएस कमांडमधला आरएसएस आकडा (प्रोसेसनं प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी) दर पाच मिनिटांनी फाइलमध्ये लिहून ठेवा आणि सर्व्हिसवर एकसारखा लोड टाका. आकडा चढून एका पातळीवर थांबत असेल तर बहुतेक वेळा ती लीक नसते. पायथन ५१२ बाइटपर्यंतच्या वस्तूंसाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडून मोठाले तुकडे घेतं, ज्यांना अरीना म्हणतात. ३.१० पासून एक अरीना १ एमबीचा असतो आणि त्यातली शेवटची वस्तू जाईपर्यंत तो परत दिला जात नाही. म्हणून वस्तू सुटल्या तरी आरएसएस खाली येईलच असं नाही. आमचा आकडा मात्र दिवसभर एकाच चढानं वर जात होता.

मग जीसी.कलेक्ट हातानं चालवून बघा. मेमरीची वाढ थांबली तर प्रश्न चक्रांचा आहे आणि पायरी ५ कडे जायचं. आमच्याकडे ढिम्म फरक पडला नाही. म्हणजे वस्तू कचरा नव्हत्याच, कुणीतरी त्यांना धरून होतं.

आता ट्रेसमॅलॉक. हे मॉड्यूल पायथनबरोबरच येतं. प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला ट्रेसमॅलॉक.स्टार्ट २५ असं म्हणा, म्हणजे प्रत्येक वस्तू कुठे जन्मली त्याच्या २५ फ्रेम (एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांच्या नोंदी) लक्षात राहतील. प्रोग्रॅम बराच मंदावतो, म्हणून हे चाचणीच्या मशीनवर करा. आधी पन्नासएक रिक्वेस्ट नुसत्या जाऊ द्या, कारण पहिल्या काही रिक्वेस्टमध्ये इम्पोर्ट आणि खऱ्याखुऱ्या कॅश (पुन्हा लागतील म्हणून जपलेली उत्तरं) भरतात आणि त्या आकड्यांत घोळ करतात. मग जीसी.कलेक्ट, पहिला स्नॅपशॉट, २०० रिक्वेस्ट, पुन्हा जीसी.कलेक्ट, दुसरा स्नॅपशॉट. दुसऱ्याची पहिल्याशी ओळीनुसार तुलना करा आणि वरच्या दहा ओळी छापा.

आमच्या यादीत पहिली ओळ पीडीएफचे बाइट बनवणारी होती: २०० बिलांमागे सुमारे ५० एमबी. बिलातल्या ओळी वाचणारा कोड दुसरा, १० एमबी. म्हणजे बिलामागे ३०० केबी. दिवसाला ५ हजार बिलं, दीड जीबी. हिशेब लागला. (तुमच्याकडे आरएसएस वाढतोय आणि ट्रेसमॅलॉकला काहीच दिसत नाही असं झालं तर गळती पायथनच्या बाहेर, एखाद्या सी लायब्ररीत असण्याची शक्यता धरा.)

इथे पुष्कळ जण थांबतात आणि त्या ओळीलाच दोष देतात. ट्रेसमॅलॉक वस्तूचा जन्म कुठे झाला ते सांगतं. ती कुणी धरून ठेवली हे त्याला माहीत नसतं. त्यासाठी जीसी.गेट ऑब्जेक्ट्स मधून सगळ्या वस्तू घ्या आणि टाइपप्रमाणे काउंटर लावा. आमच्याकडे बिल क्लासच्या वस्तू २०० रिक्वेस्टमागे बरोबर २०० नं वाढलेल्या दिसल्या. मग त्यातलं एक बिल घेऊन जीसी.गेट रेफरर्स. उत्तरात तुमची स्वतःची तपासणीची लिस्टही दिसते, ती सोडून द्यायची. उरला एक टपल, ज्यात फक्त ते बिल होतं. टपलला धरलेली एक डिक्शनरी. त्या डिक्शनरीला धरलेला फंकटूल्सचा एलआरयू कॅश रॅपर.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. पीडीएफ बनवणाऱ्या मेथडवर कुणीतरी फंकटूल्स.कॅश हा डेकोरेटर लावला होता. मेथडवर कॅश लावली तर तिच्या "की"मध्ये, म्हणजे जपलेलं उत्तर शोधायच्या खुणेत, सेल्फ (ती वस्तू स्वतः) येतं, आणि ही कॅश क्लासच्या अंगावर, म्हणजे प्रोसेसच्या आयुष्यभर राहते. फंकटूल्स.कॅशला मर्यादा नसते. प्रत्येक बिल "की" म्हणून आणि त्याची पीडीएफ उत्तर म्हणून कायमची अडकली. साधा एलआरयू कॅश असता तर निदान १२८ वर थांबला असता.

या खालोखाल मला वारंवार भेटलेला गुन्हेगार म्हणजे साठवून ठेवलेलं एक्सेप्शन. "नंतर बघू" म्हणून एररची लिस्ट ठेवली की प्रत्येक एक्सेप्शन आपला ट्रेसबॅक (एरर कुठून कुठून आली त्याची नोंद) धरतं, ट्रेसबॅक फ्रेम धरतो, आणि फ्रेम त्या फंक्शनमधली सगळी लोकल व्हेरिएबल. एका एररमागे अख्खी रिक्वेस्ट जिवंत राहते. पायथन ३ मध्ये एक्सेप्ट ब्लॉक संपताच अॅज नंतरचं नाव पुसलं जातं ते याचसाठी. एरर साठवायची असेल तर तिचा मजकूर स्ट्रिंग करून साठवा. कॉलबॅकच्या याद्या, ज्यात नाव नोंदवलं जातं पण कधी काढलं जात नाही, त्याही तपासून घ्या.

इतर भाषांत अवजारं बदलतात, प्रश्न तोच. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये हीपचा (वस्तू राहतात त्या मेमरीचा) स्नॅपशॉट घेतला की रिटेनर्स नावाचा भाग असतो, तो नेमकं "कोणी धरलंय" हेच दाखवतो. जावात हीप डम्प घेऊन हेच करतात.

पायरी ७: कलेक्टरच्या सेटिंगला हात लावायचा का

बहुतेकांनी लावू नये. पण एक खरं उदाहरण समजून घेण्यासारखं आहे. इन्स्टाग्रामनं २०१७ मध्ये आपल्या पायथन सर्व्हरवर चक्र शोधणारा कलेक्टर बंद केला आणि सुमारे १० टक्के कार्यक्षमता मिळाल्याचं जाहीर केलं. कारण असं: त्यांच्या एका मुख्य प्रोसेसमधून अनेक प्रोसेस फोर्क होत, म्हणजे तिच्याच प्रती म्हणून सुरू होत, आणि कोडची मेमरी सगळ्यांत सामाईक राहत असे, जोवर तिच्यात कुणी लिहीत नाही. कलेक्टर फेरी मारताना प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर लिहितो. लिहिलं की मेमरीचं ते पान (तुकडा) सामाईक राहत नाही, त्याची प्रत होते. त्यांनी जीसी.डिसेबलवर न थांबता थ्रेशोल्ड शून्य केला, कारण एक बाहेरची लायब्ररी कलेक्टर परत चालू करत होती. याच गरजेतून ३.७ मध्ये जीसी.फ्रीझ आलं: फोर्क करण्याआधी ते चालवलं की तोवरच्या वस्तू कलेक्टरच्या कक्षेबाहेर जातात. तुमची सर्व्हिस अशीच फोर्क करत असेल तर कलेक्टर बंद करण्यापेक्षा फ्रीझ कितीतरी सुरक्षित.

पायरी ८: पुन्हा होऊ नये म्हणून चाचणी लिहा

आम्ही कॅश काढून टाकली. तेच बिल दुसऱ्यांदा क्वचितच मागितलं जात होतं, खरा वेळ टेम्प्लेट वाचण्यात जात होता. मग टेम्प्लेटचं नाव घेणारं एक साधं फंक्शन क्लासबाहेर लिहिलं आणि कॅश त्याच्यावर लावली. टेम्प्लेट मोजकी चार होती.

मग पाच ओळींची एक चाचणी लिहिली: बिल बनवायचं, त्याचा वीक रेफरन्स घ्यायचा, पीडीएफ काढायची, बिलाचं नाव डेल करून जीसी.कलेक्ट चालवायचं, आणि वीक रेफरन्सला हाक मारल्यावर नन येतंय ना ते तपासायचं. उद्या कुणी त्या मेथडवर पुन्हा कॅश लावली तर ही चाचणी त्याच दिवशी लाल होईल. तुमच्याकडे ज्या वस्तू रिक्वेस्टबरोबर मरायला हव्यात, त्या प्रत्येकीसाठी अशी एक चाचणी ठेवा.

बदल लावल्यानंतरचे आठ दिवस मी आरएसएसची फाइल रोज उघडून बघत होतो. आकडा १४० एमबीच्या आसपास राहिला. नवव्या दिवशी पहाटे तीनची ती क्रॉनची ओळ काढली.